हृदयाची साक्ष

ईजिप्त देशाच्या मधून नाईल नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत जाते. तिच्या दोन्ही तीरांवर हिरव्यागार शेतीचा एक अरुंद पट्टा आणि त्यापलीकडे दृष्टी पोचेल तेथवर वाळवंट, असे ह्या देशाचे रूप आहे. प्राचीन काळी थीब्ज ह्या राजनगरीत जिवंत माणसांची वस्ती बहुतेक पूर्व तीरावर होती आणि मृतांची पश्चिम तीरावर. सूर्य ज्या दिशेला मावळतो त्या दिशेला माणसानेही जावे, हे त्या लोकांना स्वाभाविक वाटत असे. मावळलेला सूर्य रात्रभर पाताळातून प्रवास करतो आणि सकाळी नवा होऊन पूर्वेस उगवतो. त्याचप्रमाणे मृत मनुष्यही एक लांबचा प्रवास करून नव्या जीवनात प्रवेश करतो, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती.

हा प्रवास मात्र सुखाचा नव्हता. वाटेत महाभयंकर सर्प होते, अग्नीची सरोवरे होती, हातात सुरे घेतलेल्या द्वारपालांची दारे होती. प्रत्येक द्वारपालाचे नाव ठाऊक असल्यावाचून दार उघडत नसे. ह्या संकटांतून पार पडण्यासाठी म्हणावयाचे मंत्र पपायरसच्या गुंडाळीवर लिहून ती गुंडाळी मृताबरोबर ठेवीत असत. आज आपण त्या मंत्रसंग्रहाला ‘मृतांचा ग्रंथ’ म्हणतो. परंतु त्याच्या मूळ नावाचा अर्थ ‘दिवसाच्या उजेडात बाहेर येणे’ असा होतो, आणि तोच अधिक समर्पक आहे. अशा मंत्रांची संख्या सुमारे २०० आहे. एका गुंडाळीत ते सगळे क्वचितच सापडतात. लेखक लोक काही गुंडाळ्या आधीच तयार करून ठेवीत, मृताच्या नावापुरती जागा मोकळी सोडीत आणि गिऱ्हाईक आले की तेथे नाव भरून देत.

परलोकातील जीवनासाठी देह टिकणे आवश्यक होते. म्हणून देहात मसाले भरून तो सुकविण्याची एक मोठी विद्याच ईजिप्तमध्ये निर्माण झाली. हेरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकाराने इ. स. पू. पाचव्या शतकात ईजिप्तचा प्रवास केला आणि आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ह्या विद्येचे वर्णन लिहून ठेवले. मृताच्या आप्तांना परवडेल त्याप्रमाणे तिचे तीन प्रकार असत, असे तो सांगतो. उत्तम प्रकारात नाकावाटे आकडी घालून मेंदू काढून टाकीत. डाव्या कुशीत छेद घेऊन यकृत, फुप्फुसे, जठर व आतडी बाहेर काढीत. आणि मग नेट्रॉन नावाच्या खारात देह ठेवून त्यातील ओलावा शोषून घेत. मृत्यूपासून दफनापर्यंत ७० दिवस लागत. काढलेले अवयव स्वतंत्र पात्रांत जपून ठेवीत. मेंदू मात्र फेकून देत, कारण त्याचा काही उपयोग असेल अशी त्यांना कल्पनाच नव्हती. विचार, स्मरण, बुद्धी, भावना ह्या सर्वांचे स्थान हृदय आहे असे ते मानीत. म्हणून हृदय तेवढे देहात जागच्या जागी राहू देत.

सुकविलेल्या देहाभोवती तागाच्या पट्ट्यांचे वेढ्यावर वेढे दिले जात. प्रत्येक वेढ्याबरोबर मंत्रपठण चाले, आणि वेढ्यांच्या मधून मधून, कोणत्या अवयवाला कशाचे भय आहे ते पाहून, ताईत ठेवले जात. आपल्या भाषेत अतिशय आवडत्या माणसाला ‘गळ्यातला ताईत’ म्हणतात. ईजिप्तमधील ताईत केवळ गळ्यात राहिला नाही. तो छातीवर होता, कुशीवर होता, डोक्यामागे होता, बोटांपाशी होता. अशा रीतीने एकेका देहावर कधी पाचपन्नास, तर कधी त्याहूनही अधिक ताईत असत.

ह्या सर्वांत महत्त्वाचा ताईत कोणता, हे समजण्यासाठी त्या प्रवासाच्या अखेरीस असलेल्या न्यायसभेत डोकावले पाहिजे. तेथे परलोकाचा राजा ओसायरिस सिंहासनावर बसलेला असे आणि ४२ न्यायाधीश भोवती असत. मृत मनुष्य एकेका न्यायाधीशाला नावाने हाक मारून आपण कोणते पाप केले नाही ते सांगे: आपण चोरी केली नाही, कोणाचा जीव घेतला नाही, खोटे बोललो नाही. मापात खोट केली नाही आणि वाहते पाणी अडविले नाही, असेही त्याला सांगावे लागे. नदीच्या पाण्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांच्या देशात हे शेवटचे पाप किती मोठे गणले जात असेल, हे सहज ध्यानात येईल.

परंतु तोंडाच्या बोलण्यावर त्या सभेचा विश्वास नसे. सभेच्या मध्यभागी एक मोठा तराजू उभा असे. त्याच्या एका पारड्यात मृताचे हृदय आणि दुसऱ्यात सत्य व न्याय ह्यांची देवता जी मात, तिचे पीस. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस देव तराजूचा काटा पाही आणि थॉथ हा लेखक-देव निकाल लिहून घेई. हृदय पिसाशी समतोल राहिले तर मनुष्य निर्दोष. ते पापाने जड होऊन खाली गेले तर शेजारीच अम्मित नावाची राक्षसी वाट पाहत बसलेली असे. तिचे तोंड मगरीचे, पुढचा भाग सिंहाचा आणि मागचा पाणघोड्याचा. ती ते हृदय खाऊन टाकी, आणि त्या मनुष्याला पुन्हा जीवन नसे. ईजिप्तच्या माणसाला मृत्यूपेक्षा ह्या दुसऱ्या मृत्यूचे भय अधिक होते.

आता विचार करा. माणूस राजापासून काही लपवू शकतो, शेजाऱ्यापासून लपवू शकतो. पण ज्या हृदयात प्रत्येक विचार उमटला, त्याच्यापासून तो काय लपविणार? आणि तेच हृदय जर न्यायसभेत साक्षीदार म्हणून उभे राहिले तर? ह्या भीतीतून हृदयाचा खास ताईत जन्मास आला. त्याचा आकार शेणकिड्याचा असे. तो बहुधा हिरव्या किंवा काळसर दगडाचा करीत, चांगला तळहातात मावण्याएवढा, आणि छातीवर ठेवीत. त्याच्या सपाट पोटावर एक मंत्र कोरलेला असे. मृत मनुष्य त्यात आपल्या हृदयाला, आईपासून मिळालेले हृदय म्हणून आळवतो आणि विनवतो की, तू माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस, तराजूच्या रक्षकासमोर माझ्याशी वैर धरू नकोस.

शेणकिडाच का निवडला, असा प्रश्न पडेल. हा कीटक शेणाचा गोळा करून मागच्या पायांनी ढकलीत नेतो, हे खेड्यातल्या मुलांनी पाहिलेले असते. मादी तो गोळा जमिनीत पुरते, त्यात अंडे घालते, आणि काही दिवसांनी जमिनीतून नवा कीटक वर येतो. अंडे दिसत नाही, दिसतो तो केवळ गोळा आणि त्यातून आपोआप प्रकट झालेला जीव. आकाशातून सूर्याचा गोळाही कोणी तरी असाच ढकलीत नेत असले पाहिजे, असे ईजिप्तच्या लोकांना वाटले. सकाळच्या सूर्याला त्यांनी खेपरी हे नाव दिले आणि त्याचे चित्र शेणकिड्याच्या रूपात काढले. ‘अस्तित्वात येणे’ ह्या अर्थाचा शब्द लिहावयाचा झाला तरी ते ह्याच कीटकाची आकृती काढीत.

ह्या ताइताकडे बारकाईने पाहिले म्हणजे त्या श्रद्धेत एक विसंगती दिसते. ज्या समाजाने हृदयाच्या तराजूसारखी निष्पक्ष न्यायाची कल्पना केली, त्याच समाजाने साक्षीदाराला गप्प बसविण्याची युक्तीही शोधून काढली. काहींना ह्यात केवळ लबाडी दिसेल. पण कोणताही दोष हातून घडला नाही असे ठामपणे म्हणू शकणारा मनुष्य ईजिप्तमध्ये तरी किती असतील? तो मंत्र वाचताना लबाडापेक्षा घाबरलेल्या माणसाचाच स्वर अधिक ऐकू येतो.

इतर ताइतांच्या कथाही मनोरंजक आहेत. होरस देवाचे आपला काका सेथ ह्याच्याशी युद्ध झाले आणि त्यात होरसचा डोळा फुटला. थॉथ देवाने तो पुन्हा धडधाकट केला. म्हणून होरसच्या डोळ्याला ‘वेजात’, म्हणजे पूर्ण झालेला, निर्व्यंग, असे म्हणत. कुशीत जेथे छेद घेतलेला असे तेथे ह्या डोळ्याचे चित्र असलेली पट्टी ठेवीत. जे कापले गेले ते पुन्हा सांधले जावे, हा हेतू. ‘जेद’ नावाचा आडव्या पट्ट्यांचा खांब म्हणजे ओसायरिसचा पाठकणा. तो ठेवला की मृताला ताठ उठून बसता येई. लाल दगडाची गाठ आयसिस देवीची. उशीचा ताईत तर फारच लहान, बोटाच्या पेराएवढा. ईजिप्तचे लोक कापसाच्या उशीऐवजी लाकडी किंवा दगडी टेकणावर मान ठेवून निजत. त्या टेकणाची ही प्रतिकृती. मृताचे शिर धडापासून कधीही वेगळे होऊ नये आणि ते पुन्हा उंचावले जावे, हे तिचे काम. उत्तरकाळात गवंड्याचा ओळंबा आणि गुण्या ह्यांचेही ताईत निघाले. भिंत ज्याने सरळ राहते, त्याने परलोकातील तोलही सांभाळला जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

ताईत कशाचा असावा हेही ठरलेले होते. हिरवा रंग कोवळ्या पपायरसचा आणि नव्या वाढीचा, तांबडा रक्ताचा, गडद निळा आकाशाचा. सोने तर देवांचे मांसच. निळा राजवर्त दगड अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई, म्हणजे शेकडो कोसांचा प्रवास करून. तो कोणाला परवडणार? सामान्य माणसाची ही अडचण ‘फायन्स’ नावाच्या पदार्थाने दूर केली. गारगोटीची बारीक पूड, थोडा चुना, नेट्रॉन किंवा वनस्पतींची राख आणि किंचित तांबे हे पाण्यात कालवून मातीच्या साच्यात दाबीत. वस्तू वाळू लागली की आतले क्षार पृष्ठभागावर येत आणि भट्टीत घातल्यावर त्यांचाच निळा-हिरवा चकचकीत मुलामा बनत असे. वाळू व राख ह्यांतून नीलमण्याचे तेज निर्माण करणाऱ्या ह्या कारागिरांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. अमार्ना ह्या उजाड झालेल्या नगरीत इ. स. १८९१-९२ साली फ्लिंडर्स पेट्री ह्या इंग्रज संशोधकाने उत्खनन केले, तेव्हा असे हजारो मातीचे साचे त्याला मिळाले.

श्रीमंतांच्या सोन्याच्या ताइतांची कथा वेगळी झाली. जे सोने देहाचे रक्षण करण्यासाठी ठेवले, त्यानेच चोरांना वाट दाखविली. नववा रामसेस ह्या राजाच्या कारकिर्दीच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. १११० च्या सुमारास, थीब्जमध्ये थडगी फोडणाऱ्यांवर खटला चालला. त्याचे कागद आजही उपलब्ध आहेत. एका पपायरसचा खालचा अर्धा भाग एकोणिसाव्या शतकात एका इंग्रज संग्राहकाकडे गेला. वरचा अर्धा इ. स. १९३५ साली ब्रुसेल्सच्या संग्रहालयात एका लाकडी मूर्तीच्या पोकळीत सापडला. त्यात आमेनपानेफेर नावाच्या पाथरवटाचा कबुलीजबाब आहे. तो आणि त्याचे सोबती मिळून आठ जण तांब्याची हत्यारे घेऊन सोबेकेमसाफ राजाच्या थडग्यात शिरले. राजाच्या गळ्याभोवती सोन्याचे पुष्कळ ताईत व दागिने होते. ते त्यांनी उतरवून घेतले, शेजारच्या राणीचेही घेतले, आणि शवपेट्यांना आग लावून दिली. सोने भरले १६० देबेन, म्हणजे आपल्या मापाने सुमारे साडेचौदा किलो. प्रत्येकाच्या वाट्याला २० देबेन आले. पुढे हा पाथरवट पकडला गेला, तेव्हा आपला वाटा एका कारकुनाला देऊन तो सुटला आणि परत चोरांना जाऊन मिळाला. सोबत्यांनी त्याची नुकसानभरपाईही केली.

सोबेकेमसाफ नावाचे दोन राजे होऊन गेले. त्या नावाच्या राजाचा हृदयावरचा ताईत आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हिरवा दगड, सोन्याचे कोंदण आणि कीटकाच्या देहाला माणसाचे तोंड.

अशा लुटालुटीला आळा घालणे पुढे राजसत्तेला अशक्य झाले. तेव्हा थीब्जच्या पुरोहितांनी विटंबना झालेले राजांचे देह गोळा केले, त्यांना पुन्हा वस्त्रे गुंडाळली आणि देर-एल-बाहरीजवळच्या कड्यातील एका गुप्त विवरात नेऊन ठेवले. जवळजवळ तीन हजार वर्षे ते तेथे स्वस्थ राहिले. इ. स. १८८१ साली ही जागा सरकारी अधिकाऱ्यांना कळली, तेव्हा तेथे दुसरा रामसेस, पहिला सेती, तिसरा थुटमोस असे मोठमोठे राजे एकाच ठिकाणी मिळाले. त्यांत पहिला आमेनहोतेप हाही होता. त्याच्या देहावरील वस्त्रे आणि फुलांच्या माळा इतक्या सुंदर होत्या की, त्या उलगडण्याचे धाडस कोणी केले नाही.

सर्वांच्या बाबतीत असा संयम राखला गेला नाही. त्या काळी ताईत पाहावयाचे म्हणजे वस्त्रे फाडूनच पाहावे लागत, आणि कोणता ताईत कोठे होता ह्याची नोंद पुष्कळदा कोणी ठेवीत नसे. पेट्रीने मात्र ती शिस्त पाळली. हवारा येथे पाण्याने भरलेल्या एका थडग्यातून त्याने होरूजा नावाच्या माणसाचा देह मोठ्या कष्टाने बाहेर काढला आणि डांबरासारख्या राळेत रुतलेल्या ताइतांच्या ओळीच्या ओळी आपल्या हातांनी मोकळ्या केल्या. इ. स. १९१४ साली त्याने ताइतांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अडीचशेहून अधिक प्रकारांचे वर्गीकरण आहे आणि कोणत्या देहावर कोणते ताईत कोठे होते, ह्याचे नकाशेही आहेत.

तूतानखामेन ह्या तरुण राजाचे थडगे हॉवर्ड कार्टर ह्याला इ. स. १९२२ साली सापडले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. त्याचा देह इ. स. १९२५ च्या नोव्हेंबरात उघडण्यात आला. वस्त्रांच्या घड्यांत एकूण १४३ वस्तू निघाल्या. अंत्यविधीच्या वेळी ओतलेली राळ दगडासारखी घट्ट झाली होती आणि शिर सोन्याच्या मुखवट्याला चिकटून बसले होते. तापविलेल्या सुऱ्या वापरून, देहाचे भाग सुटे करून, अखेर शिरही धडापासून वेगळे करून संशोधकांनी आपले काम पुरे केले. राजाच्या डोक्यामागे त्यांना लोखंडाचा एक लहानसा ताईत मिळाला. तो उशीचा होता.

आता वस्त्राची एक घडीही न हलविता आत पाहता येते. देहाच्या शेकडो आडव्या छेदांची क्ष-किरण चित्रे घेऊन ती संगणकाने जुळविली की आतली प्रत्येक वस्तू तिच्या जागेसह दिसते. ह्याच पद्धतीने कैरो विद्यापीठातील डॉ. सहर सलीम आणि पुरातत्त्वज्ञ झाही हवास ह्यांनी आमेनहोतेपचा देह पाहिला व इ. स. २०२१ च्या अखेरीस आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच्या वस्त्रांत ३० ताईत होते. जुन्या राजांच्या देहांची डागडुजी करणाऱ्या पुरोहितांनी त्यांचे सोने काढून घेतले असावे, असा संशय काही विद्वानांना होता, खुद्द डॉ. सलीम ह्यांनाही होता. निदान ह्या एका राजाच्या बाबतीत तो खोटा ठरला. पुरोहितांनी मोडलेले अवयव राळेने सांधले होते आणि ताईत जागच्या जागी राहू दिले होते.

इ. स. १९१६ साली दक्षिण ईजिप्तमधील एडफूजवळच्या एका दफनभूमीत चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलाचा देह सापडला होता. त्याचा मृत्यू सुमारे २३०० वर्षांपूर्वीचा. तो कैरोच्या संग्रहालयाच्या तळघरात न उघडलेल्या अनेक देहांबरोबर पडून राहिला. मुलगा राजपुत्र असल्याची खूण नाही. त्याचे नावही ठाऊक नाही. डॉ. सलीम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचीही तपासणी केली आणि इ. स. २०२३ च्या जानेवारीत ती प्रसिद्ध झाली. त्या कोवळ्या देहावर आणि देहाच्या आत, तीन ओळींत मांडलेले, २१ प्रकारांचे ४९ ताईत होते. परलोकात बोलता यावे म्हणून जिभेवर सोन्याचा पत्रा होता. तोल राखण्यासाठी गुण्या होता. शवपेटीतून चालत बाहेर पडता यावे म्हणून पायांत पांढऱ्या वहाणा होत्या. ज्या आईबापांनी किंवा आप्तांनी हे सारे त्याच्याबरोबर दिले, त्यांनी काही विसरू नये ह्याची किती काळजी घेतली असेल!

मुलाच्या छातीत सोन्याचा मोठा शेणकिडा होता. संशोधकांनी चित्रांवरून त्रिमित छपाईच्या यंत्राने त्याची हुबेहूब प्रतिकृती तयार केली. ती हातात घेऊन उलटसुलट पाहता येते. देहाला तळघरातून वर आणून संग्रहालयाच्या मुख्य दालनात जागा देण्याचे ठरले. वस्त्रे मात्र उघडली नाहीत. मूळ ताईत ज्या ठिकाणी ठेवला गेला होता त्याच ठिकाणी, त्या मुलाच्या हृदयाशेजारी, तसाच राहिला आहे.